हातभर बाहेर

माय मरो पण मावशी उरो, असं ज्याने म्हणून ठेवलं त्याला बहुधा भाचे नसावेत. मला दोन आहेत. त्यांची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेली तेव्हा मोठा नववीत होता आणि धाकटा पाचवीत. दोघांना मी वाढवलं. मला मागणी घालायला कोणी आलं नाही असं नाही, पण दोन आयत्या पोरांसकट घ्यायची कोणाची तयारी नव्हती. मलाही त्यांना टाकून कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

आम्ही तिघंही बस डेपोत नोकरीला. मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवते, मोठा वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे आणि धाकटा ड्यूटी लावायच्या खिडकीत बसून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या शिव्या खातो. डेपोचा फुटबॉलचा संघ आहे. त्याचे कपडे धुणं, उसवलेलं शिवणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे सगळं पहिल्यापासून माझ्या गळ्यात पडलेलं. म्हणून सामन्याच्या वेळी मी बाकाच्या टोकाला बसते. फुटबॉल मला कळत नाही असं समजून खेळाडू माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. इतकी वर्षं रोज समोर बघून गाढवालाही कळेल, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आमचा फुटबॉल उघड्या मैदानावरचा नाही. पत्र्याचं उंच छत, खाली लाकडी फरशी, पाच इकडे आणि पाच तिकडे. इनडोअर स्टेडियम म्हणायचं, पण खरं तर ते मोठं गोदामच. तिथे वारा नाही, ऊन नाही, त्यामुळे हरल्यावर दोष द्यायला काही हाताशी राहत नाही. आणि आवाज! छताखालून तो कुठे जातच नाही. माणूस डावीकडून ओरडला तर हाक उजवीकडून येते, आणि गर्दी खवळली की शेजारचा काय म्हणतो तेही कळत नाही.

असल्या जागी गोलकीपरचं सगळं हाकांवर चालतं. त्याच्यासमोर माणसांची झुंबड असते, मधून बॉल येताना दिसत नाही. मग ज्याला दिसतो त्याने ओरडायचं. ‘घे’ म्हणजे गोलात येतोय. ‘सोड’ म्हणजे बाहेर चाललाय, हात लावू नकोस. आमच्या संघात शिवीगाळ चालते, सरावात लाथाही चालतात, पण खोटी हाक चालत नाही. हा मोठ्याचा नियम. एकदा एका ड्रायव्हरने सरावात गंमत म्हणून ‘सोड’ म्हटलं आणि बॉल आत गेला. सगळे हसले. मोठा हसला नाही. “चुकलास तर माफ आहे,” तो म्हणाला, “पण मुद्दाम खोटं ओरडलास. तू आता मला मेलास.” त्यानंतर त्याने त्या माणसाकडे कधी बॉल टाकला नाही, डेपोत समोर आला तर मानही हलवली नाही. शेवटी बिचारा संघ सोडून कॅरम खेळायला लागला.

मोठ्याला सगळे कुलूप म्हणतात. पंधरा वर्षं गोलात उभा आहे. तापात खेळला, मोडलेल्या बोटाला पट्टी बांधून खेळला, पण एकदाही मधून बाहेर आला नाही. बाकावर कसं बसतात हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याचा त्याला फार गर्व होता. बायको दोन वर्षांत माहेरी गेली ती गेलीच. जाताना मला म्हणाली, “मावशी, याचं लग्न त्या दोन खांबांशी झालंय, मी मध्ये कशाला?” पोरगी शहाणी होती.

धाकटाही गोलकीपरच, पण राखीव. मोठा बाहेर येईल तेव्हा याने जायचं. मोठा आला नाही. सात वर्षं हा हातमोजे घालून माझ्या शेजारी बसला आणि सामना संपल्यावर कोरडेठाक हातमोजे काढून माझ्याकडे द्यायचा. मी तेही धुवायचे, म्हणजे त्याला वाटावं की वापरले. मोठ्याने त्याचं नाव ठेवलं बाकोबा. सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर त्याच्यापुढे हात जोडायचा, “बाकोबा, आशीर्वाद असू दे, आजही उठू नका.” पुढे पुढे प्रेक्षकही ओरडायला लागले. धाकटा हसायचा. त्याचं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. मी मोठ्याला दोनदा सुनावलंही, पण दातही आपले आणि ओठही आपलेच, म्हणून गप्प राहिले.

मग धाकट्याने खेळणं सोडलं. सोडलं काय, त्याने धरलंच कधी होतं! परीक्षा देऊन कोचिंगचं सर्टिफिकेट आणलं आणि या हंगामात डेपोने त्याला कोच केलं. मोठा म्हणाला, “चला, उंटावरून शेळ्या हाकायला माणूस मिळाला.” धाकटा तेव्हाही हसला.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तिघं जेवायला बसलो होतो. समोरचा संघ पाणीपुरवठ्याचा, पाइप उचलून उचलून मांड्या खांबासारख्या झालेले लोक. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो, हरलो तर खालच्या गटात जाणार. मोठा जेवता जेवता म्हणाला, “उद्याचा शेवटचा. नंतर मी थांबणार. गुडघा वाकत नाही आता.” मग जरा थांबून, त्याच्यासारख्याला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाला, “एकच वाटतं. शेवटची शिट्टी गोलात उभं राहून ऐकायची. बाकावर न बसता खेळलो, तसाच संपवायचा.”

तो धाकट्याकडे बघून बोलत होता. त्याच्यापुरती ती विनंतीच होती. पंधरा वर्षांत त्याने भावाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

धाकट्याने ताटातलं संपवलं, हात धुतले आणि म्हणाला, “बघू.”

दुसऱ्या दिवशी हाफटाइमला आम्ही एक-दोनने मागे होतो. कपडे बदलायच्या खोलीत धाकट्याने माझ्या पिशवीतून मोठ्याची दुसरी हिरवी जर्सी काढली आणि औषधांच्या डब्यातली कात्री घेतली. या खेळातला एक नियम सांगायला हवा. संघ मागे असला की शेवटी शेवटी गोलकीपरला बाहेर काढून त्याच्या जागी एक जादा खेळाडू आणता येतो. मग पाचही जण हल्ला करतात आणि मागे गोल मोकळा राहतो. पण त्या खेळाडूने गोलकीपरच्या रंगाची जर्सी घालायची आणि पाठीवर स्वतःचा नंबर दिसला पाहिजे. त्यासाठी जर्सीच्या पाठीला भोक पाडतात. आमच्या संघात अशी भोकाची जर्सी कधी नव्हती, कारण मोठा म्हणायचा, घर उघडं टाकून चोर पकडायला जायचं नसतं.

धाकट्याने सगळ्यांसमोर जर्सी मांडीवर पसरली आणि पाठीत कात्री घातली.

“हे काय?” मोठा म्हणाला.

“लागली तर असावी.”

“ती माझी आहे.”

“डेपोची आहे, दादा.”

त्या बोथट कात्रीने तो असा काही कापत होता की मला बघवेना. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. “दे इकडे,” मी म्हटलं, “दोन मिनिटांत सगळी उसवेल.” मी सुई-दोरा काढून भोकाला नीट काठ घातला. मोठा माझ्याकडे बघत राहिला. मला राग धाकट्याचाच आला होता, पण वाईट शिवण मला सहन होत नाही, त्याला मी काय करू! जर्सी भिंगरीला दिली. भिंगरी म्हणजे आमचा कंडक्टर, पायात चाकं असल्यासारखा पळणारा. त्याने ती घातली आणि खाली बघून म्हणाला, “कुलूपदादा, मी काही बोललो नव्हतो हां.”

दुसऱ्या हाफमध्ये मोठा असा खेळला की पाणीपुरवठ्याचे लोकही माना हलवत होते. एक गोल आम्ही केला, एक त्यांनी केला. त्यांनी केला त्यात मोठ्याचा काही दोष नव्हता. दोन-तीन झाले. मग त्यांच्या सगळ्यात दांडग्या माणसाने अगदी जवळून मारलेला बॉल मोठ्याने एका पंजाने छताकडे उडवला आणि सगळं स्टेडियम ‘कुलूप, कुलूप’ करत उभं राहिलं. मी पण उठले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

धाकटा बरोबर त्याच वेळी उठला. आधी दोनदा खेळ थांबला होता तेव्हा नाही उठला. लोक टाळ्या वाजवत असताना त्याने हात वर केला आणि मोठ्याला बाहेर ये म्हणून खूण केली.

मोठ्याने न पाहिल्यासारखं केलं. धाकट्याने परत खूण केली. टाळ्या हळूहळू बंद पडल्या. रेफ्री बघायला लागला, भिंगरी रेषेशी येऊन उभा राहिला, तेव्हा कुठे मोठा गोल सोडून निघाला. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “बाकोबा, जागा करा!” आणि लोक हसले. इथे बदलीचा नियम असा की आत जाणाऱ्याने आपल्या अंगातली पिवळी बंडी बाहेर येणाऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती घालून बसायचं. भिंगरीची बंडी मोठ्याला छातीपर्यंतच आली.

तो माझ्या आणि धाकट्याच्या मध्ये बसला. पाय कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. आधी पसरले, मग कोणीतरी अडखळेल म्हणून आत घेतले. हातमोजे काढून माझ्याकडे दिले. ते घामाने ओलेचिंब होते.

“मावशी,” तो म्हणाला, “इथून गोल तिरका दिसतो गं.”

“सवय होते,” धाकटा म्हणाला, पलीकडे बघत.

खेळ चालू झाला. आमचे पाचही जण पाणीपुरवठ्याच्या गोलापाशी घुसले आणि मला कबूल केलं पाहिजे, धाकट्याचा डाव बरोबर होता. समोरच्यांची त्रेधा उडाली. दोनदा बॉल खांबाला लागून आला. आता होतो गोल, मग होतो गोल, असं चाललं होतं. नुसता सूड उगवायचा असता तर गोष्ट सोपी होती. पण धाकट्याला आपला धंदा कळत होता, आणि भावाचा अपमान आणि संघाचं भलं ही दोन्ही कामं त्याने एका हाताच्या खुणेत बसवली होती.

तेवढ्यात भिंगरीचा पास अडला. त्यांच्या एका बचाववाल्याने बॉल पायाशी येताच मान वर करून आमच्या रिकाम्या गोलाकडे लांबून ढकलला. जोर फार नव्हता. सगळी माणसं पलीकडे, आमचा अर्धा कोर्ट ओसाड, आणि लाकडी फरशीवरून तो बॉल एकटाच आमच्या बाकासमोरून गोलाकडे घरंगळत निघाला.

तो बाहेर चालला होता. मला दिसत होतं. बाकावरच्या सगळ्यांना दिसत होतं. बाजूने बघताना बॉल गोलातच चालल्यासारखा वाटतो, नवख्या माणसाला हमखास वाटतो. पण इथे बसून बसून डोळा तयार होतो आणि कळतं की हा हातभर बाहेरून जाणार. मोठ्याने आयुष्यभर बॉल समोरून येताना पाहिलेला. आपल्या मागे खांब कुठे आहेत हे त्याला पाठीने कळायचं. इथे त्याच्या मागे भिंत होती. त्याला एवढंच दिसलं की बॉल गोलाकडे चाललाय आणि गोलात कोणी नाही.

तो उठला.

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याने भावाला उठताना पाहिलं होतं, बॉलही पाहिला होता. त्याचं तोंड उघडलं. ओठ ‘सोड’साठी गोल झाले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने ते मिटून घेतले. घाईघाईने नाही, अगदी सावकाश.

मी ओरडले, “सोड! अरे सोड!” पण सगळं स्टेडियम ओरडत होतं. बाईचा आवाज त्यात कुठे पोचणार? आणि पोचला असता तरी मैदानावरची हाक मावशीकडून यायची त्याला सवय नव्हती. तो पिवळ्या बंडीत, वाकत नसलेल्या गुडघ्याने धावला आणि गोलासमोर अंग झोकून उघड्या हातांनी बॉल पकडला. इतका सुंदर पकडला की बॉल जरासुद्धा हातातून उसळला नाही. तो पोटाशी धरून पडून राहिला.

 मग हसू फुटलं. छताखाली दोनशे माणसं हसली की कसं वाटतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. बाकावरचा माणूस आत घुसला आणि बाहेर जाणारा बॉल धरला! लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आत्ता ‘कुलूप, कुलूप’ करणारेच हे लोक. रेफ्रीने लाल कार्ड दाखवलं आणि पेनल्टी दिली. मोठा बॉल खाली ठेवायला तयार होईना. त्याला वाटत होतं, पेनल्टी अडवायला आपण उभं राहायचं. रेफ्रीने दाराकडे बोट केलं तेव्हा त्याला उमगलं. पेनल्टीला गोलात भिंगरी उभा राहिला, भोकाच्या जर्सीत, हात कुठे धरायचे हे माहीत नसलेला. दोन-चार झाले. पुढे काही झालं नाही. शेवटची शिट्टी वाजली आणि आम्ही खालच्या गटात गेलो.

मी सामान तिथेच टाकून कपड्यांच्या खोलीत पळाले. मोठा बंडी घालूनच बसला होता. शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू आली असणार. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “मावशी, गोलात चालला होता ना?”

मी त्याला लहानपणी ताप आला होता तेव्हा औषध कडू नाही म्हणून सांगितलं होतं. आई परत येणार नाही हे मात्र खरं सांगितलं होतं. या दोन्हींतलं आता काय करायचं ते ठरवायला मला वेळच नव्हता. हरलोच होतो. संघ गेला होता, त्याची शेवटची शिट्टी गेली होती. निदान एवढं तरी त्याच्याकडे राहू दे, असं वाटलं.

“गोलात,” मी म्हटलं. “अगदी खांबाला चाटून आत.”

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. “मग मी बरोबर होतो.” आणि त्याने बंडी काढली.

धाकटा आणि बाकीचे आत आले. मोठा उभा राहिला. “संघ बुडवला मी,” तो म्हणाला, “पण बॉल गोलात चालला होता. मावशीने पाहिलं.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. एक ‘हो’ म्हणायला त्याचं काय जात होतं? हरलेल्या भावाला एक ‘हो’. मी डोळ्यांनी त्याला गयावया केल्या, पोटच्या पोराकडे कोणी करणार नाही इतक्या.

“मावशी तुझं मन राखतेय, दादा,” तो मऊ आवाजात म्हणाला. “हातभर बाहेर होता.”

मोठा एकेकाकडे बघत गेला. कोणी बुटाची नाडी सोडत होतं, कोणी पाणी पीत होतं. “भिंगरी, तू सांग.”

भिंगरीला रडू येत होतं. “मला लांबून दिसला, दादा. बाहेर होता.”

मोठा माझ्याकडे वळला. हा चेहरा मी आधी एकदाच पाहिला होता, त्या ड्रायव्हरसाठी.

“तू मला खोटं सांगितलंस?”

“अरे, तुला बरं वाटावं म्हणून—”

“मी विचारलं तुला. सरळ विचारलं.”

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. “आणि याने काय केलं ते विचार ना!” मी धाकट्याकडे बोट करून ओरडले. “तू उठलास तेव्हा याला दिसत होतं बॉल बाहेर चाललाय. हाक ओठांवर आली होती याच्या. मी बघितलं. ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तुझ्या भावाने तुला जाऊ दिलं!”

खोलीत सगळे थांबले.  धाकट्याने ते नाकारलं नाही. तो फक्त भावाकडे बघत राहिला, थकलेल्या, शांत, खरं बोलून मोकळ्या झालेल्या माणसासारखा.

“मावशी,” मोठा म्हणाला, “एक सांगितलंस तेवढं पुरे. आता दुसरं नको.”

“अरे, देवाशपथ!”

“पुरे म्हटलं ना.”

धाकट्याने त्याची पिशवी उचलली. “चल दादा, घरी जाऊ.” मोठ्याने वाकत नसलेल्या पायामुळे त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गेले. मी मागे राहून सगळ्यांचे कपडे गोळा केले.

त्याला आता बरेच दिवस झाले. दोघांचं छान जमतं. संध्याकाळी गच्चीवर बसतात, जुन्या सामन्यांवर बोलतात. मोठा परवा कोणाला तरी सांगत होता, सगळं जग तोंडावर गोड बोलतं, खरं सांगणारा एक भाऊच. माझ्याशी तो नीट वागतो, तिऱ्हाईताशी वागावं तसा. मीही वाकायची नाही. मी वाढवलंय त्याला.

काल दोघं जेवत होते. मी आतून सांगितलं की दारात कोणीतरी आलंय. मोठ्याने घास तसाच हातात धरला आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकटा मान वळवून दाराकडे बघत म्हणाला, “हो, आलंय.” मग मोठा उठला.